‘छान होता’च्या पुढे लिहायचं काय?

पत्राचा सारांश: या हिवाळ्यात एका वाचक मैत्रिणीने मनसोक्त पाहिलं आणि वाचलं. नवे-जुने मिळून डझनभर चित्रपट झाले, चार कादंबऱ्या संपल्या, पाचवी अर्ध्यावर राहिली. त्यांचा जुन्या मित्रमैत्रिणींचा गट आहे. थंडी ओसरू लागली की गटातला प्रत्येक जण आपल्याला काय भावलं ते लिहून सगळ्यांना पाठवतो. या वेळी त्या लिहायला बसल्या आणि अडल्या. त्या लिहितात: ‘प्रत्येकाबद्दल तीच तीन वाक्यं होतात. कथा छान, अभिनय उत्तम, शेवट थोडा लांबला. बरंचसं आठवतही नाही. मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी कादंबरी गटातल्या दोघांनी संथ म्हणून सोडून दिली. उलट ज्या चित्रपटाचं सगळे कौतुक करतात तो मला कोरडा वाटला, आणि नेमका तोच माझ्या जवळच्या मैत्रिणीने आग्रह करून पाहायला लावला होता. मी ना साहित्य शिकले, ना सिनेमा. मग मत द्यावं की गप्प बसावं? आणि फार चिरफाड केली तर जे आवडलंय त्याचीही गोडी जाईल का?’

प्रिय वाचक,

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण सगळे एकाच समजुतीवर उभे आहेत: मत द्यायचं म्हणजे निकाल द्यायचा. निकाल म्हटला की अधिकार आला, चुकण्याची धास्ती आली, चारचौघांविरुद्ध जाण्याचा संकोच आला. तुमच्या गटाला निकालाची फारशी गरज नसावी. चित्रपट चांगला की वाईट हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो पाहताना तुम्ही कुठे पुढे सरकून बसलात, कुठे घड्याळाकडे पाहिलंत, महिना उलटला तरी कोणतं दृश्य डोळ्यांसमोर येतं, हे मात्र तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. त्याला पदवी लागत नाही. लक्ष देऊन पाहावं लागतं आणि पाहिलेलं निसटण्याआधी टिपून ठेवावं लागतं. यंदाचं जे निसटलंय असं तुम्हाला वाटतं, त्यातलंही बरंच परत मिळेल.

आधी चिरफाडीची भीती घेऊ, कारण ती अगदीच निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पोस्टर दाखवली, काही नामवंत चित्रकारांच्या चित्रांची, काही गमतीदार. काहींना आवडण्या-नावडण्याची कारणं आधी लिहायला लावली, बाकीच्यांना नाही. मग सगळ्यांना एकेक पोस्टर घरी न्यायला सांगितलं. कारणं लिहिणाऱ्यांनी गमतीदार पोस्टर जास्त प्रमाणात उचललं, आणि काही आठवड्यांनी चौकशी केली तेव्हा आपल्या निवडीवर तेच कमी खूश होते. विल्सन यांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. गमतीदार पोस्टर का आवडलं हे शब्दांत सांगणं सोपं असतं. एखाद्या चित्रातला प्रकाश का खेचून घेतो हे सांगणं अवघड. कारणं शोधायला बसलं की जी पटकन सापडतात तीच खरी वाटू लागतात, आणि खरा परिणाम मागे पडतो.

तुमच्या तीन वाक्यांचं नेमकं हेच झालंय. कथा, अभिनय, शेवट हे खण प्रत्येकाच्या डोक्यात तयार असतात, त्यामुळे हात आपोआप तिथेच जातो. म्हणून लिहिण्याचा क्रम उलटा करायचा: काय झालं ते आधी, का झालं ते नंतर. गोडी जाते ती कारणांची घाई केल्याने. बारकाईने पाहिल्याने ती सहसा वाढतेच.

पुढच्या वेळी चित्रपट संपला की पहिली दहा मिनिटं फोनला हात लावू नका. परीक्षण वाचायचं नाही, शेजारच्याला ‘कसा वाटला?’ असंही विचारायचं नाही. दुसऱ्याचं वाक्य एकदा डोक्यात शिरलं की ते आपलंच वाटू लागतं. कागद घ्या. डोळ्यांसमोर जे चित्र उभं आहे ते सगळ्यात आधी लिहा, कारण न देता: ‘रिकामा जिना, वरच्या मजल्यावरून रेडिओचा आवाज’, एवढंच. मग अंगावर काय उमटलं ते: हसू, रोखलेला श्वास, चुळबुळ, आणि ते साधारण कुठे झालं. मग एखादा संवाद, पण शब्दशः आठवत असेल तरच. अंदाजाने लिहिलेला संवाद महिन्याभराने आपल्यालाच खरा वाटायला लागतो. मग पात्रांची नावं, कारण ती सगळ्यात लवकर विसरतात. ‘आवडला’ की ‘नाही आवडला’ ही ओळ शेवटी. पाच-सहा ओळी पुरेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद न उघडता पुन्हा तीन ओळी लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे जे आलंय त्यावर तुमचा परिच्छेद उभा राहील.

चित्रपट चालू असताना टिपणं काढू नका. वाक्य लिहायला मान खाली गेली की दोन-तीन दृश्यं हुकतात, आणि नेमकी तीच शांत दृश्यं असतात. फारच वाटलं तर एक शब्द खरडा.

‘कागद न उघडता’ हा आग्रह उगाच नाही. स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. आठवण्याच्या खटपटीनेच आठवण पक्की होते.

यंदाच्या चित्रपटांसाठी याचा असा उपयोग करा. नावांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक नावाखाली पाच मिनिटं, काहीही न शोधता, जे येईल ते लिहा. पहिली दोन मिनिटं बहुतेक कोरी जातील, तरी उठू नका; एखादा रंग, एखादा आवाज आला की त्यामागून बाकीचं यायला लागतं. हे झाल्यावरच पात्रांची नावं शोधा किंवा ट्रेलर पाहा. ट्रेलर आधी पाहिलात तर त्यात निवडलेली दृश्यंच ‘तुमची आठवण’ होऊन बसतील. आणि पाच मिनिटांनंतरही एखाद्या नावाखाली काहीच आलं नाही, तर त्या चित्रपटावर लिहू नका. ‘फार काही उरलं नाही’ एवढी एक ओळ प्रामाणिक आहे.

कादंबरीचं टिपण संपल्यावर करून भागत नाही. तीनशे पानं दोन-तीन आठवडे चालतात आणि शेवटच्या पानापर्यंत सुरुवात धूसर झालेली असते. वाचताना चार ठिकाणी थांबा: साधारण पन्नासाव्या पानावर, निम्म्यावर, शेवटच्या प्रकरणाआधी आणि संपल्यावर. प्रत्येक थांब्यावर दोन ओळी: पुढे काय होईल असं वाटतंय, आणि कोणावर विश्वास बसतोय. हे अंदाज लिहून ठेवणं फार मोलाचं आहे. शेवट कळला की ‘मला आधीच वाटलं होतं’ असं मन ठामपणे सांगतं, आणि लेखकाने आपल्याला कुठे वळवलं हे मग शोधूनही सापडत नाही. लिहिलेला चुकीचा अंदाज ते वळण बरोबर दाखवतो.

खुणांचं म्हणाल तर पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीची उभी रेघ आणि मागच्या कोऱ्या पानावर पानाचा आकडा व दोन शब्द. ग्रंथालयाचं असेल तर कागदाच्या पट्ट्या, त्यांच्यावर तेच दोन शब्द. नुसती पट्टी ठेवली तर ती कशासाठी होती हे आठवड्याने सांगता येत नाही. प्रकरणाचा आकडाही लिहा, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. ई-पुस्तकात रंगवणं इतकं सोपं असतं की निम्मं पुस्तक पिवळं होतं. एका कादंबरीला दहा खुणा अशी मर्यादा घाला. ऑडिओबुक ऐकत असाल तर वेळेची खूण आणि एक शब्द, आणि ऐकण्याचा वेगही नोंदवा.

वेगावरून एक गोष्ट, जी मत देणाऱ्यांकडून सर्रास राहते: कोणत्या परिस्थितीत पाहिलं किंवा वाचलं ते. हिवाळ्यात आपण रात्री उशिरा, पांघरुणात, अर्धवट पेंगत बरंच पाहतो. चित्रपट तीन रात्रींत तुकडे करून पाहिला असेल तर त्याच्या गतीबद्दल बोलताना जपून बोला. दिग्दर्शकाने बांधलेली लय तुम्ही तीन ठिकाणी तोडलेली असते. अंधाराची दृश्यं फोनच्या पडद्यावर नुसती काळी दिसतात. लॅपटॉपच्या बारीक स्पीकरमधून आवाजातलं बरंच काही नीट येतच नाही, आणि मग ‘संवाद ऐकू येत नाहीत’ हा दोष चित्रपटाच्या माथी बसतो. भाषांतरित कादंबरीत वाक्यं अडखळत असतील तर ती मूळ लेखकाची की अनुवादाची, हे नुसत्या अनुवादावरून ठरवता येत नाही. आधी काय पाहिलं होतं त्याचाही परिणाम होतो: धावता थरारपट संपवून लगेच शांत कादंबरी उघडली तर ती आहे त्याहून संथ वाटणारच. मध्ये एक दिवस जाऊ द्या. आणि मत लिहिताना ‘दोन बैठकांत, घरी, हेडफोन लावून’ अशी पाच-सहा शब्दांची नोंद करा. वाचणाऱ्याला तुमचं मत किती आणि कुठे लागू करायचं ते त्यावरून कळतं.

‘शेवट थोडा लांबला’ हे वाक्य तुमच्याकडे वारंवार येतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चाच एक प्रयोग इथे आठवतो. माणसांनी एकदा १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद, त्या काळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आठवण सगळ्या मिनिटांची बेरीज करत नाही. तीव्र क्षण आणि शेवट यांनाच ती झुकतं माप देते. चित्रपटाची शेवटची पंधरा मिनिटं आधीच्या दोन तासांवर असाच रंग चढवतात. उपाय सोपा आहे. शेवट बाजूला ठेवा आणि मधल्या भागावर स्वतंत्र दोन ओळी लिहा. फसलेल्या शेवटामुळे तुम्ही एखादा उत्तम मध्य विसरला असाल, किंवा जोरदार शेवटाने सगळी ढिलाई झाकली असेल, ते लगेच दिसतं.

आता ‘अभिनय उत्तम’च्या जागी काय येऊ शकतं ते पाहू. एक काल्पनिक चित्रपट घ्या. वडील एकटे राहतात. मुलगी घर विकण्याबद्दल बोलायला आली आहे. पहिला मसुदा असा होतो: ‘वडील-मुलीचं नातं सुंदर रंगवलंय. अभिनय दमदार.’ या वाक्याला विचारायचं: नेमकं कुठे? समजा उत्तर आलं, वडील दिवा बदलायला शिडीवर चढतात तिथे. कॅमेरा कुठे होता? खाली, मुलीच्या शेजारी. म्हणून वडिलांचा चेहरा दिसतच नाही; दिसतात ती पावलं आणि शिडीचे थरथरणारे पाय. मुलगी काय करते? हात पुढे नेते आणि शिडीला लावायच्या आधी थांबवते. आवाज? संगीत नाही, फक्त लाकडाची करकर. दृश्य मध्ये तुटतं का? वडील खाली उतरेपर्यंत एकही कट नाही. याच्या आधी काय होतं? स्वयंपाकघरात तिने घर विकून देणाऱ्याला फोन केला होता. नंतर? ती घराचा विषय काढत नाही.

मग दुसरा मसुदा असा होतो: ‘वडील दिवा बदलायला शिडीवर चढतात तेव्हा आपल्याला त्यांचा चेहरा दाखवत नाहीत, फक्त पावलं. मुलगी आधार द्यायला हात पुढे करते आणि मध्येच थांबते. काही क्षणांपूर्वीच तिने घर विकण्यासाठी फोन केलाय, म्हणून तो थांबलेला हात पाहताना मला दोघांचीही बाजू एकदम कळली. वडील खाली येईपर्यंत दृश्य तुटत नाही आणि तोवर मी श्वास रोखून होते.’ यात ‘सुंदर’ आणि ‘दमदार’ नाहीत, पण वाचणाऱ्याला चित्रपट पाहावासा वाटेल. पाहून त्याचं मत वेगळं झालं तरी तो तुमच्याशी त्या शिडीबद्दल बोलू शकेल.

आधी काय होतं, हा प्रश्न सोडू नका. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग असा सांगितला जातो: एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या थाळीनंतर दाखवला, एकदा शवपेटीनंतर, प्रेक्षकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा दुःख, आणि त्यांनी अभिनयाची तारीफ केली. ज्याला आपण अभिनय म्हणतो त्यातलं पुष्कळसं संकलनात, म्हणजे दृश्यं एकामागे एक जोडण्यात घडतं. म्हणून एखादा चेहरा लक्षात राहिला असेल तर त्याआधीचं दृश्य काय होतं तेही आठवून पाहा.

कादंबरीला विचारायचे प्रश्न वेगळे. कोण सांगतंय? घटना होऊन किती काळ लोटल्यावर सांगतंय? कशाला किती पानं दिली आहेत? काय सांगायचं टाळलंय? पानांचा हिशेब तर प्रत्यक्ष मोजून करा. समजा एका निवेदकाने बागेच्या कुंपणाच्या दुरुस्तीला आठ पानं दिली आहेत, आणि मध्येच एक अर्धं वाक्य येतं: ‘धाकटा गेला त्या वर्षी कुंपण पडलं ते’, आणि लगेच पुन्हा खिळे, तारा, खांब. कुंपणाला आठ पानं आणि भावाच्या मृत्यूला अर्धी ओळ. हे प्रमाण सांगितलं की ‘खोल आहे’ म्हणायची गरज उरत नाही. सांगणाऱ्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही अशा निवेदकाला समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ हे नाव दिलं. ते नाव तुम्हाला वापरायची गरज नाही. अमुक पानावर माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला, एवढं लिहिलं तरी तेच सांगून होतं.

तुमच्या गटातल्या दोघांनी सोडलेली कादंबरीही अशीच असू शकेल. संथपणा एका जातीचा नसतो. जे कळायचं ते कळून गेलं तरी प्रसंग चालूच राहतो, हा एक. तीच गोष्ट पात्रं बदलून पुन्हा सांगितली जाते, हा दुसरा. तिसऱ्यात दर पानाला थोडं नवं येत असतं, पण ते घटनांच्या रूपात येत नसल्याने आपण ते मोजत नाही. पडताळा घेता येतो. मधली सलग दहा पानं पुन्हा वाचा आणि दर पानामागे एक ओळ लिहा: या पानाने आधी माहीत नसलेलं काय दिलं? दहापैकी सहा-सात पानांसमोर काहीच लिहिता आलं नाही तर मित्रांच्या तक्रारीत दम आहे, आणि तुम्हाला बांधून ठेवणारं काही वेगळंच होतं, भाषा असेल किंवा एखादं पात्र, ते शोधा. दहाही ओळी भरल्या तर त्या ओळीच गटाला दाखवा. ‘पहिली साठ पानं घटना शोधू नका, निवेदक काय गाळतोय ते पाहा’ अशी एक सूचना अर्ध्यावर सोडणाऱ्याला परत आणू शकते, निदान काही जणांना.

बहुमताचा दबाव खरा असतो, आणि तो बहुमताच्या शहाणपणातूनच येतो असं नाही. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते, आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय ते दिसत होतं. गाणी तीच, तरी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी वाईट क्वचितच वर आली; मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. तेव्हा ‘सगळ्यांना आवडला’ यावरून चित्रपटाबद्दल थोडंच कळतं. याची दुसरी बाजूही धरून ठेवा: सगळ्यांना आवडलेलं आपल्याला न आवडणं हा काही आपल्या चोखंदळपणाचा दाखला नाही. दोन्हीकडे प्रसंग दाखवावाच लागतो.

मग गप्प बसावं का? एखाद्या नावाखाली खरंच काही उरलं नसेल तर जरूर. सुरात सूर मिसळणं मात्र करू नका. त्याने आज वेळ निभावते, पण पुढच्या हिवाळ्यात तुम्ही सुचवलेलं काही कुणी का पाहावं, याला उत्तर उरत नाही. नापसंती लिहिताना एक पथ्य पाळा: तुम्हाला काय झालं ते एका वाक्यात, चित्रपटात काय आहे ते दुसऱ्या वाक्यात. ‘कोरडा आहे’ यात दोन्ही मिसळलंय. ‘मुलगा परत येतो त्या प्रसंगात मला काही वाटलं नाही, तो घरातून गेला तेव्हाचं काहीच आपण पाहिलेलं नाही’ यात दोन्ही सुटं आहे. पहिल्या वाक्याशी कुणाचं भांडण होत नाही आणि दुसरं तपासून पाहता येतं.

कादंबरीवरून केलेल्या चित्रपटावर लिहायचं असेल तर ‘पुस्तकातलं किती गाळलं’ याची यादी करत बसू नका. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असं धरतात; तीनशे पानांची कादंबरी दोन तासांत येताना गळती होणारच. पुस्तकात पात्राच्या मनात चालणारी एखादी गोष्ट निवडा आणि पडद्यावर ती कशातून आली, की आलीच नाही, तेवढं सांगा.

लिहिताना कथा किती सांगायची? मानसशास्त्रज्ञ निकोलस ख्रिस्टनफेल्ड आणि जोनाथन लेविट यांच्या २०११ च्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या. पण त्या लघुकथा होत्या, आणि नंतरच्या काही अभ्यासांत उलटही निघालं, म्हणून त्याच्या भरवशावर रहस्य फोडू नका. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचा टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला जास्त कामाचा आहे: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो; बॉम्ब आहे हे त्याला आधी माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं छातीत धडधड लावतात. ताण माहितीने वाढतो, धक्का माहितीने मरतो. म्हणून पहिल्या पाव भागातलं मोकळेपणाने लिहा. त्यापुढचं लिहायचं तर परिच्छेदाच्या सुरुवातीलाच इशारा द्या. आणि ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असं लिहू नका. त्याने वाचणारा पहिल्या मिनिटापासून धक्काच शोधत बसतो, म्हणजे रहस्य निम्मं फुटतंच.

तारे किंवा दहापैकी गुण देऊ नका. आकडा दिसला की वाचणारा मजकूर सोडून देतो, आणि शांत कादंबरी व धमाल विनोदपट एकाच पट्टीवर मोजावे लागतात.

सगळ्या सोळा-सतरांवर लिहायचं बंधन नाही. चार-पाच निवडा, प्रत्येकी दीडशे-दोनशे शब्द. पहिल्या ओळीत हे कोणत्या जातीचं आणि कोणाच्या मनःस्थितीला चालेल ते. मग दोन वाक्यांत पार्श्वभूमी. मग एकच प्रसंग जवळून. मग जे खटकलं ते, आवडलेल्या कलाकृतीतही. आणि पाहिल्या-वाचल्याची परिस्थिती. खटकलेलं गाळू नका, त्यामुळेच कौतुकावर विश्वास बसतो. बाकीची नावं एकेका ओळीत संपवा. अर्ध्यावर राहिलेली कादंबरीही यादीत घ्या: कितव्या पानावर सोडली आणि त्या पानावर काय चाललं होतं, एवढंच. ‘वाईट आहे’ म्हणू नका, निम्मं वाचून तेवढं म्हणता येत नाही.

राहिली तुमची मैत्रीण. तिने तो चित्रपट आग्रहाने दाखवला, म्हणजे त्यात तिचं काहीतरी गुंतलेलं आहे. गटासमोर अचानक वाचलेली तुमची नापसंती तिला चित्रपटापेक्षा स्वतःबद्दलची वाटू शकते. म्हणून लिहिण्याआधी तिला फोन करा आणि आपलं मत न सांगता एकच विचारा: ‘तुला त्यातला कोणता प्रसंग आठवतो?’ ती सांगेल तो प्रसंग, त्याआधीच्या दहा मिनिटांसकट, पुन्हा पाहा. मत बदलायलाच हवं असं काही नाही. तिला तिथे काय दिसलं आणि तुम्हाला का दिसलं नाही, हे दोन्ही परिच्छेदात येऊ द्या, आणि तो परिच्छेद गटाला जाण्याच्या आदल्या दिवशी तिला एकटीला वाचायला द्या.